शेवटचा धोबी

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावामागे ‘ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ’ असं छापलंय. त्यातलं ज्येष्ठ तेवढं खरं. माझी हयात बँकेत गेली. कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतर कुठे ठेवायची हा प्रश्न होता. ती मी पाषाण तलावावर नेऊन ठेवली.

लोक विचारतात, रोज त्याच तलावावर जाऊन कंटाळा नाही का येत? तेच तेच पक्षी! विचारणारे गृहस्थ स्वतः वीस वर्षं रोज संध्याकाळी त्याच कट्ट्यावर त्याच चौघांशी त्याच विषयावर भांडतायत. असो. (ते समोर बसलेत, त्यांनी हात वर करू नये.)

तलाव तुम्हाला माहीत आहे. रामनदीवरचा, इंग्रज गव्हर्नरच्या बंगल्याला पाणी पुरवण्यासाठी केलेला. आज त्या पाण्यात कुणी बोट बुडवणार नाही. जलपर्णी, कडेला बेशरमाची झुडपं, आणि वारा आपल्या दिशेनं असला की नाकाला रुमाल. पण आमच्या धोबी पक्ष्याला हे सगळं चालतं. जलपर्णीच्या पानांवर किडे असतात आणि ती पानं त्याचं वजन पेलतात. वजन किती, तर पंचवीस ग्रॅमच्या आसपास. हा पक्षी चिमणीसारखा टुणटुण उड्या मारत नाही, तुरुतुरु चालतो. थांबला की शेपूट वरखाली, वरखाली. घाटावर दगडावर कपडे आपटावेत तशी. म्हणून धोबी, कुणी परीट म्हणतं.

आता माझी फजिती सांगतो. ती पत्रिकेत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पक्षी बघायला लागून दुसरंच वर्ष. पांढरा धोबी हिवाळ्यात येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उत्तरेला निघून जातो, एवढं पुस्तकातून पाठ झालं होतं. मे महिन्याचा दुसरा आठवडा, बांधावर ऊन मी म्हणतंय, आणि खाली दगडावर काळापांढरा धोबी शेपूट आपटतोय! मी हललोच. तीन दिवस सलग दिसला. चौथ्या दिवशी एका वर्तमानपत्राला पत्र धाडलं: सायबेरियाच्या पाहुण्याला परतीची वाट सापडेना, हवामानबदलाची ही खूण तर नव्हे? दुर्दैवानं त्यांनी ते छापलं. चौकटीत. सोसायटीच्या फलकावर कात्रण लागलं. वाण्याच्या दुकानातसुद्धा लोक वाट करून द्यायला लागले.

रविवारी सौ. गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मी चिमटे धरून उभा. पाण्याच्या टाकीवर शीळ वाजली. बघतो तर तोच! मी म्हटलं, “अगं, हाच तो, पेपरातला!” ती पिळलेला पंचा झटकत म्हणाली, “हा? हा तर बारा महिने इथेच असतो. गेल्या पावसाळ्यात टाकीच्या पाइपापाशी घरटं होतं त्याचं. तुम्ही तलावावर असता ना, तुम्हाला कसं दिसणार?”

तो मोठा धोबी होता. इथलाच, कायमचा रहिवासी. त्याचं कपाळ काळं, पाठ काळी, भुवई तेवढी पांढरी. पांढऱ्या धोब्याचं कपाळ आणि गाल पांढरे, पाठ राखाडी. माझ्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढऱ्या धोब्याची पिसं बदलतात, हिवाळाभर पांढरा असलेला गळा काळा होतो, आणि नवशिक्याचा गोंधळ होतो. पण कपाळ काही काळं होत नाही. खुलाशाचं पत्र मी लगेच पाठवलं. ते मात्र छापलं नाही.

गंमत पुढे आहे. आपल्याकडे येणाऱ्या पांढऱ्या धोब्याच्या एका उपजातीचं शास्त्रीय नाव आहे ‘डुखुनेन्सिस’. डुखुन म्हणजे दख्खन! कर्नल साइक्स म्हणून एक अधिकारी होता, मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करायचा. म्हणजे माझ्याच जातकुळीतला. त्यानं १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली आणि हे नाव दिलं. आणि टाकीवरच्या मोठ्या धोब्याच्या शास्त्रीय नावात काय आहे? मद्रास! म्हणजे नावानं दख्खनी तो एप्रिलपर्यंत पसार होतो, आणि मद्रासी आपल्या गच्चीवर संसार थाटतो. यावर पुण्यात जाहीर बोलणं बरं नाही.

साइक्सवर खरं तर… चिठ्ठी आली. सात मिनिटं. अहो, मुख्य मुद्दा अजून सुरूच व्हायचाय. भिगवणला सीगलना फरसाण खायला घालून फोटो काढणाऱ्यांवर मी दहा मिनिटं बोलणार होतो, तेही राहिलं. त्यांना एवढंच सांगा की घालू नका.

तर मुद्दा. पक्षी आला की सगळ्यांना कळतं. ऑक्टोबरात पहिला धोबी दिसला की फोटो, अभिनंदन, सगळं होतं. पण गेला कधी? शेवटचा पक्षी दिसतो त्या दिवशी तो शेवटचा आहे हे कुणालाच माहीत नसतं. पुढचे दहा दिवस रोज जाऊन, रोज न दिसून, मग मागची तारीख शेवटची ठरते. म्हणून हौशी माणूस नोव्हेंबर-डिसेंबरात गर्दी करतो आणि महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की तोही जातो. नेमकं तेव्हाच आमचं काम सुरू होतं.

रीत साधी आहे. एकच पायवाट, एकच वेळ, एक तास. जे दिसेल ते सगळं मोजायचं, कावळासुद्धा. आणि धोबी दिसला नाही तर रकाना मोकळा सोडायचा नाही, शून्य लिहायचं. मोकळा रकाना म्हणजे तुम्ही गेला नाहीत. शून्य म्हणजे तुम्ही गेलात आणि तो नव्हता. बँकेत हा फरक न कळणाऱ्याला आम्ही काउंटरवर बसवत नसू.

याचा उपयोग काय, असं कुणीतरी विचारणारच. २०२३ साली देशभरातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. ९४२ जातींची तपासणी, आणि ती कशावर? तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर. तुमच्या-आमच्यासारख्या हौशी माणसांच्या. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवसांची जागतिक गणना असते, त्यात पंधरा मिनिटं मोजलं तरी चालतं. पण मार्च-एप्रिलमध्ये त्याच जागी रोज जाणारे फार थोडे. तिथे तुमची गरज आहे.

दोन मिनिटं? बरं. थापट्या बदकांचं वेगळं असतं, तो घोळका आज आहे, उद्या नाही. धोबी मात्र एकेक करून कमी होतात. माझ्या वहीतलं गेल्या मार्चचं पान वाचतो, आकडे बांधावरचे: पाच, पाच, तीन, चार, दोन, शून्य, एक. त्या शून्याच्या दिवशी मी हळहळत घरी आलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी एकटा एक जलपर्णीवर, गळा पार काळा झालेला, शेपूट चालूच. मग एक, एक, शून्य, एक, आणि त्यानंतर सलग बारा शून्यं.

म्हणजे शेवटची तारीख पक्की. पण ती निघाली १ एप्रिल, त्यामुळे ग्रुपवर कुणी विश्वास ठेवला नाही. उरलेलं चहा घेताना बोलू.