५९ मतं पुरत नाहीत

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. हेलेना, मोंटाना राज्याची राजधानी.)

जानेवारी १८९९. मोंटानाच्या विधिमंडळात फ्रेड व्हाइटसाइड नावाचे आमदार उभे राहतात आणि पाकिटं उघडून दाखवतात. आत हजार-हजार डॉलरच्या नोटा. एकूण तीस हजार डॉलर. तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांच्या माणसांनी मतांसाठी वाटलेले हे पैसे आहेत, असं ते भर सभागृहात सांगतात. त्या काळी अमेरिकेत सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य, थेट जनता निवडत नसे, राज्याचे आमदार निवडत. आणि क्लार्कना सिनेटर व्हायचं होतं.

एवढं होऊनही क्लार्क निवडून आले. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या समितीनं चौकशी लावली, ती अंगाशी येणार हे दिसल्यावर त्यांनी १९०० मध्ये राजीनामा दिला. १९०१ मध्ये मात्र ते पुन्हा निवडून आले आणि या वेळी पूर्ण मुदत सिनेटमध्ये बसले.

मोंटानाच्या जनतेला या खाणमालकांचा असा वीट आला की १९१२ मध्ये तिनं स्वतःच मतदान करून कायदा केला. कंपन्यांनी निवडणुकीत पैसा ओतायचा नाही. हा कायदा शंभर वर्षं टिकला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो पाच विरुद्ध चार मतांनी मोडीत काढला. तोंडी युक्तिवादसुद्धा ऐकला नाही.

(दृश्य: सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या.)

अमेरिकेत निवडणुकीच्या पैशावर बंधन घालणं इतकं अवघड का झालं, हे समजायला १९७६ सालात जावं लागतं. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रचारयंत्रणेतला लपवलेला पैसा बाहेर आला होता. १९७४ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, कडक कायदा केला. देणगीला मर्यादा, खर्चाला मर्यादा, आणि देखरेखीला एक निवडणूक आयोग. न्यायालयानं ‘बकली विरुद्ध वालेओ’ या खटल्यात त्याचे दोन तुकडे केले. उमेदवाराला देणगी देण्यावर मर्यादा चालेल, कारण तिथं लाचेचा धोका आहे. पण खर्चावर मर्यादा चालणार नाही, कारण प्रचारावर पैसा खर्च करणं हे अभिव्यक्ती स्वातंत्र्यात मोडतं.

आजचा सगळा गोंधळ त्या एका भेदातून आलेला आहे. सामान्य देणगीदार २०२५-२६ च्या निवडणूक चक्रात एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी साडेतीन हजार डॉलरच देऊ शकतो. पण उमेदवार स्वतः श्रीमंत असेल, तर स्वतःवर कितीही खर्च करू शकतो.

याचं एक उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, लहानपण बेळगावात, पुढे अमेरिकेत रसायनांच्या व्यवसायात यश. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवायला त्यांनी स्वतःचे एक कोटीहून जास्त डॉलर घातले आणि तिसरे आले. म्हणजे पैसा घातला की विजय ठरलेलाच, असं नाही. २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातून ते काँग्रेससाठी उभे राहिले, तेव्हा पुन्हा स्वतःचा पैसा लावला. समोरच्या उमेदवाराच्या पाठीशी इस्रायल-समर्थक गटाच्या एका सुपर पॅकनं, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्र राहून कितीही पैसा जमवू आणि खर्चू शकणाऱ्या गटानं, सुमारे चाळीस लाख डॉलर लावले. ठाणेदार जिंकले. एका बाजूला उमेदवाराचा खिसा, दुसऱ्या बाजूला बाहेरच्यांचा. मतदारांच्या वीस-पंचवीस डॉलरच्या देणग्या या हिशेबात कुठं बसतात, ते तुम्हीच बघा.

(दृश्य: सिनेटचं सभागृह, २००२ मधील चित्रफीत.)

पण बदल कधीच झाला नाही असंही नाही. एकदा झाला. तो कसा झाला हे नीट बघण्यासारखं आहे, कारण आजची कोंडी किती घट्ट आहे ते त्यातूनच कळतं.

रिपब्लिकन जॉन मॅकेन आणि डेमोक्रॅट रस फाइनगोल्ड या सिनेटरांनी १९९५ मध्ये विधेयक आणलं. मॅकेन यांचं नाव आधी एका बँकमालकाच्या देणग्यांच्या प्रकरणात आलं होतं. सिनेटच्या नीतिमत्ता समितीनं त्यांचे कान उपटले होते. त्यामुळे हा विषय त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. पक्षांच्या खात्यात येणारा अमर्याद पैसा, ज्याला तिथं ‘सॉफ्ट मनी’ म्हणत, तो बंद करणं हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

सिनेटमध्ये फिलिबस्टर नावाची सोय आहे. चर्चा थांबवायला शंभरपैकी साठ मतं लागतात, म्हणजे एकेचाळीस जण अडून बसले की विधेयक मतदानापर्यंत पोचतच नाही. हल्ली त्यासाठी रात्रभर उभं राहून भाषण ठोकावं लागत नाही. नुसता विरोध नोंदवला तरी काम भागतं. राज्यघटनेत हा नियम कुठंही नाही. केंटकीचे रिपब्लिकन सिनेटर मिच मॅककॉनेल यांनी तो या विषयावर वर्षानुवर्षं वापरला. निवडणुकीच्या पैशावर बंधन नको, ही त्यांची भूमिका कधीच बदलली नाही. त्यांच्याशी कितीही मतभेद असोत, तेवढं मान्य करायला हवं.

मग २००१ च्या डिसेंबरमध्ये एन्रॉन बुडाली. हो, तीच, दाभोळवाली. दोन्ही पक्षांना देणग्या देणारी बडी कंपनी एका फटक्यात दिवाळखोर झाली, आणि तिचा पैसा घेतलेले खासदार लाजेनं तोंड लपवू लागले. प्रतिनिधिगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, सभापती विधेयक अडवून बसले होते. तेव्हा २१८ सदस्यांनी सह्या करून ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. अशी सह्यांची मोहीम तिथं क्वचितच यशस्वी होते. मार्च २००२ मध्ये सिनेटनं ते ६० विरुद्ध ४० मतांनी मंजूर केलं. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी समारंभ न करता सही उरकली.

सात वर्षं, दोन हट्टी माणसं आणि एक प्रचंड दिवाळं. एवढं जुळून आलं तेव्हा एक कायदा झाला.

मॅककॉनेल लगेच न्यायालयात गेले. २००३ मध्ये न्यायालयानं कायद्याचा बहुतेक भाग राखला, पण निकालातच लिहून ठेवलं की पैसा पाण्यासारखा असतो, तो वाट काढणारच.

ती वाट २१ जानेवारी २०१० रोजी न्यायालयानंच काढून दिली. ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की कंपन्या आणि कामगार संघटना उमेदवारापासून स्वतंत्र राहून कितीही खर्च करू शकतात. दोनच महिन्यांत वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं पुढचं पाऊल टाकलं. असा स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटांना देणगीचीही मर्यादा नाही. इथं सुपर पॅक जन्माला आले.

२०२४ च्या निवडणुकीत इलॉन मस्क यांनी ट्रम्प यांच्या बाजूनं एकट्यानं पंचवीस कोटी डॉलरहून जास्त घातले. रुपयांत दोन हजार कोटींच्या वर. कमला हॅरिस यांच्या बाजूनंही कोट्यवधी डॉलरचे सुपर पॅक होतेच. सुधारणेची भाषा करणारा डेमोक्रॅटिक पक्षही शस्त्र खाली ठेवायला तयार नाही. समोरचा ठेवत नाही तोवर आपण का ठेवायचं, हे त्यांचं उत्तर खोटं नाही, पण सोयीचं नक्कीच आहे.

(दृश्य: मतफलक. ५९–३९.)

‘सिटिझन्स युनायटेड’च्या निकालानंतर त्याच वर्षी डेमोक्रॅट्सनी मर्यादा सोडून दिली आणि फक्त पारदर्शकता मागितली. कोण पैसा देतो त्याचं नाव तरी सांगा. सप्टेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये त्या विधेयकाला ५९ मतं पडली. विरोधात ३९. साठ झाली नाहीत, विधेयक पडलं! २०२२ मध्ये तेच पुन्हा आलं तेव्हा ४९ विरुद्ध ४९ झालं. त्याच वर्षी जानेवारीत मतदान-हक्काच्या मोठ्या विधेयकासाठी फिलिबस्टरचा नियम शिथिल करायचा प्रयत्न झाला. त्या विधेयकात निवडणूक निधीच्या तरतुदीही होत्या. जो मँचिन आणि किर्स्टन सिनेमा या दोन डेमोक्रॅट सिनेटरांनीच साथ दिली नाही आणि प्रयत्न ४८ विरुद्ध ५२ नं फसला.

कायदा झाला तरी राबवणार कोण? फेडरल, म्हणजे केंद्रीय, निवडणूक आयोगात सहा जागा. एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि निर्णयाला चार मतं हवीत. तीन-तीन झाले की फाइल बंद. सदस्यच कमी पडले तर तेवढंही नाही. २०२० हे अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष, त्यातला बहुतेक काळ आयोगाकडे गणसंख्याच नव्हती. मे २०२५ पासून पुन्हा तीच अवस्था झाली.

घटनादुरुस्तीचा मार्ग सुचवणारेही आहेत. त्याला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी लागते. ज्या सिनेटमध्ये साठ जमत नाहीत, तिथं सदुसष्ट कुठून आणणार?

(दृश्य: मेन राज्य. किनारा, मतदान केंद्राची रांग.)

म्हणून जरा हालचाल दिसते ती राज्यांत आणि शहरांत. सिएटल शहर मतदारांना पंचवीस डॉलरची चार कुपनं देतं, ती आवडत्या स्थानिक उमेदवाराला द्यायची. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेन राज्यात जवळपास तीन-चतुर्थांश मतदारांनी सुपर पॅकला मिळणाऱ्या देणगीवर पाच हजार डॉलरची मर्यादा घातली.

यात एक डाव आहे. सुपर पॅकना मोकळीक देणारा २०१० चा निकाल अपील न्यायालयाचा होता. तेव्हाच्या सरकारनं तो वर नेलाच नाही. त्यामुळे सुपर पॅकला देणगीची मर्यादा घालता येते का, यावर सर्वोच्च न्यायालयानं थेट निकाल कधी दिलेलाच नाही. मेनचा कायदा त्यांना तो द्यायला लावण्यासाठीच घडवला गेला.

जुलै २०२५ मध्ये फेडरल न्यायालयानं त्याच्या अंमलबजावणीला मनाई केली. सुधारकांना हे अपेक्षितच होतं. अपील बॉस्टनला गेलं. तिथून वरची पायरी वॉशिंग्टन, आणि त्यांना पोचायचं आहे ते तिथंच, नऊपैकी सहा न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले आहेत हे माहीत असूनही.