करवंटीचा कोळसा आणि खाडीतली वीज

मंडळी, कोकणात करवंट्यांना तोटा नाही, खाडीच्या गाळालाही नाही. म्हणून सूक्ष्मजीव इंधनघटाचा, म्हणजे गाळातल्या जिवाणूंकडून वीज घेणाऱ्या घटाचा, विषय निघाला की हमखास विचारलं जातं, करवंटीचा कोळसा इलेक्ट्रोड, म्हणजे वीज घेणारं-देणारं टोक, म्हणून चालेल का? चालतो. चुलीतून काढलेला मात्र नाही.

चारशे-पाचशे अंशांवर झालेला कोळसा वीज जवळजवळ अडवूनच धरतो. मल्टिमीटरची दोन्ही टोकं एक सेंटिमीटर अंतरावर तुकड्यावर दाबा. आकडा मेगाओहममध्ये गेला तर तो तुकडा चुलीलाच द्या. हवा लागू न देता ८०० ते ९०० अंशांपर्यंत तापवला की हा आकडा झपाट्याने उतरतो. करवंटीचं ग्राफाइट मात्र होत नाही, कितीही तापवा. म्हणून वीज बाहेर आणायला कोळशाच्या मधोमध ग्राफाइटची कांडी लागतेच.

आता पृष्ठभागाचं बघू. ॲक्टिव्हेटेड, म्हणजे बारीक छिद्रं पाडलेल्या, कोळशाचा ग्रॅमला हजार चौरस मीटर पृष्ठभाग सांगतात, तो खरा आहे. पण त्यातली बहुतेक छिद्रं दोन नॅनोमीटरहून बारीक, आणि वीज देणारा जिओबॅक्टर जिवाणू जाडीलाच सुमारे अर्धा मायक्रॉन. उंदराच्या बिळात म्हैस कशी शिरणार? ॲनोडला, म्हणजे गाळात राहून जिवाणूंकडून इलेक्ट्रॉन घेणाऱ्या टोकाला, हा पृष्ठभाग जवळपास वायाच जातो. कॅथोडचं, म्हणजे पाण्यात राहून ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणाऱ्या टोकाचं, तसं नाही. तिथे ऑक्सिजनचा रेणू आत शिरतो, म्हणून महागाचा ॲक्टिव्हेटेड कोळसा कॅथोडसाठी राखून ठेवा.

ॲनोडसाठी तीन ते पाच मिलिमीटरचे दाणे घ्या. राखेतला क्षार जाईपर्यंत, म्हणजे धुवणाचा पीएच सातच्या आसपास येईपर्यंत, धुवा. मग नायलॉनच्या जाळीत कांडीभोवती भरून सुतळीने करकचून आवळा. सैल राहिले तर दाण्या-दाण्यामधला रोधच सगळी वीज खातो. कांडी जुन्या झिंक-कार्बन सेलमधली असेल तर पितळी टोपी काढा आणि धूर थांबेपर्यंत ती जाळावर धरा, कारण तिच्यात मेण मुरवलेलं असतं. तांब्याची तार गाळात नेऊ नका. ती गंजते आणि तांबं जिवाणूंना मारतं. टायटॅनियमची किंवा ३१६ स्टेनलेसची तार घ्या, सांधा इपॉक्सीने पुरता झाका. घट बंद पडला की आधी हा सांधा तपासायचा.

ओहोटीलाही पाणी राहील अशा जागी ॲनोड दहा सेंटिमीटर खोल, काळ्या गाळात पुरा. ॲनोडपर्यंत हवा पोचली की जिवाणू इलेक्ट्रॉन ऑक्सिजनलाच देऊन टाकतात. कॅथोड वर पाण्यात तरंगता ठेवा, मध्ये १००० ओहमचा रोध जोडा. दोन-तीन आठवड्यांत व्होल्टेज चढतं. ०.४ व्होल्ट मिळाले तर ०.४ मिलिअँपिअर, म्हणजे ०.१६ मिलिवॅट. एवढ्यावर दिवा लागत नाही. कपॅसिटरमध्ये साठवून एखादा तापमापक अधूनमधून चालवता येतो.

कॅथोडवर शेवाळ आणि कालवं बसतात, ती मऊ ब्रशने काढत राहा. पावसाळ्यात खाडी गोडी होते, पाण्याचा रोध वाढतो आणि रोध जोडलेला असतानाचं व्होल्टेज पडतं. तेव्हा रोध सोडवून थोडा वेळ थांबा आणि पुन्हा मोजा. आकडा पूर्वीइतकाच आला तर जिवाणू शाबूत आहेत, कमी झालं आहे ते मीठ. ॲनोड उकरू नका.