शेवटच्या भोकाची ज्योत

[दृश्य: अंधारं शेड. लांब पाइपावर निळ्या ज्योतींची ओळ पेटत जाते.]

ही ओळ नीट बघा. गॅस डावीकडून आत येतोय. डावीकडच्या ज्योती बुटक्या, पुढच्या जरा उंच, आणि अगदी टोकाची सगळ्यांत उंच. आपल्याला वाटतं, टोकापर्यंत गॅस पोचता पोचता कमी पडेल. इथं नेमकं उलटं दिसतंय, आणि आजचं सगळं काम याच एका गोष्टीसाठी चाललंय.

सोलापूर. अक्कलकोट रोडची एमआयडीसी. शेजारी टॉवेलचे लूम खडखडतायत, या शेडमध्ये मात्र गॅसच्या भट्ट्या बनतात. आजची भट्टी कडक भाकरीची आहे. चार फुटी लोखंडी तवा आणि त्याखाली एकच लांब बर्नर, म्हणजे ओळीनं भोकं पाडलेला पाइप.

कडक भाकरी ज्वारीची, पातळ थापलेली. आधी ती चांगल्या आचेवर भाजायची, मग मंद आचेवर तिच्यातलं पाणी सावकाश जाऊ द्यायचं. चुलीवर हे जमायचं, कारण भाकरी भाजणाऱ्या अक्का निखारे पुढं-मागं ओढून आच सारखी करायच्या. गॅसवर ओढायला निखारे नाहीत. आच सारखी ठेवायची ती भोकांनीच.

[दृश्य: भट्टी बनवणाऱ्या मिस्त्रींच्या काळ्या तळहातावर पितळी जेट.]

हा जेट. मधलं भोक सुईच्या नेढ्याएवढं. त्यातून गॅस जोरात सुटतो आणि बाजूच्या खिडकीतून हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. एक भाग एलपीजी पुरता जळायला साधारण 25 ते 30 भाग हवा लागते. थोडी इथून मिळते, उरलेली ज्योतीच्या भोवतालची.

आता पाइपावरच्या भोकांचा हिशोब. 1 मिलिमीटरचं भोक 1.1 झालं, तर गॅस 21 टक्के जास्त जातो. ड्रिल किंचित हललं की एवढा फरक पडतो. म्हणून मिस्त्री प्रत्येक भोकात गेजची, म्हणजे ठरल्या जाडीची, तार घालून बघतात. आम्ही मोजली, एका पाइपाला बहात्तर भोकं. बहात्तरही तपासली.

[दृश्य: फळीवर यू आकाराची पारदर्शक नळी, आत कुंकू कालवलेलं पाणी.]

हे त्यांचं दाब मोजायचं यंत्र. घरगुती रेग्युलेटरमधून गॅस येतो तो दर चौरस सेंटीमीटरला 30 ग्रॅम दाबानं. म्हणजे नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात 30 सेंटीमीटरचा फरक. लाल पाणी वर सरकतं, पट्टीवरच्या खुणेला थांबतं. इतकं साधं, इतकं चोख यंत्र प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर असायला हवं.

[दृश्य: कापलेला पाइप, वेल्डिंगच्या ठिणग्या.]

मग टोकाची ज्योत उंच का? पाइपात शिरताना गॅसला वेग असतो. प्रत्येक भोकातून थोडा थोडा बाहेर पडला की मागे उरलेल्याचा वेग मंदावतो. वेग कमी झाला की दाब वाढतो, आणि शेवटच्या भोकाला तो सर्वांत जास्त मिळतो. पाइप बारीक आणि फार लांब असेल तर घासून दाब खाल्ला जातो, मग टोक उपाशी राहतं. थंड देशांत घरं उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या फर्नेसमध्येही हाच पेच: आडव्या पाइपावर ओळीनं जेट, आणि सगळ्यांना सारखा वाटा पोचवायचा.

मिस्त्रींनी दोन गोष्टी केल्या. पाइपाचं पोट वाढवलं. आणि गॅस टोकाकडून न देता मधोमध टी, म्हणजे इंग्रजी T आकाराचा जोड, लावून दिला. आता दोन्हीकडची वाट निम्मी झाली.

मंद आचेची परीक्षा वेगळी. कॉक फार बारीक केला, की मिश्रण भोकातून हळू निघतं, ज्योत मागं सरकते आणि भप्प करून जेटपाशी पेटते. त्यासाठी भोकं लहान ठेवली, पण संख्येनं जास्त.

ज्योत पिवळी पडली तर काजळी धरते, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. म्हणून वर धुराडं, आणि एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत झरोका.

[दृश्य: स्वयंपाकघर. नवी भट्टी. ज्योतींची ओळ एका उंचीची.]

तव्यावर चार भाकऱ्या. अक्का मधली सोडून आधी कडेची उचलतात. पूर्वी कडेचीच कच्ची राहायची.

[इथून निवेदन नाही. भाकरी मोडल्याचा आवाज येऊ द्यावा.]