पॅड बांधूनच बोलिंगला आला

नमस्कार मंडळी, कसे आहात? चहा झाला असेल तर बसा निवांत, कारण आजचा माणूस आहे दीडशे वर्षांपूर्वीचा, इंग्लंडचा, आणि त्याचा एक किस्सा मला सांगायचाय, तो सांगितल्याशिवाय मी काही उठणार नाही.

नाव आल्फ्रेड लिटलटन. लक्षात ठेवा, लिटलटन. जन्म १८५७ चा, बाप लॉर्ड, आठ भावांतला सगळ्यात धाकटा. घरातच आठ पोरं, त्यात बाप आणि काका धरले की टीम तयार, आणि खरंच १८६७ मधे या लिटलटन कुटुंबाच्या टीमने एका शाळेच्या टीमला मॅचमधे हरवलं होतं. आपल्याकडे लग्नाला चुलत-मावस सगळे जमले तरी कॅरमला चौथा मिळत नाही, सगळे मोबाईलमधे. असो.

तर हा लिटलटन इंग्लंडकडून फुटबॉल पण खेळला आणि क्रिकेट पण. दोन्ही खेळलेला पहिला माणूस. परत सांगतो, फुटबॉल आणि क्रिकेट दोन्हीत इंग्लंडकडून खेळलेला पहिला. आणि गंमत म्हणजे दोन्हीची सुरुवात एकाच मैदानावर, लंडनच्या ओव्हलवर. आपण ओव्हल म्हणलं की क्रिकेट समजतो, पण त्या काळी हिवाळ्यात तिथे फुटबॉल चालायचा. ऑल्कॉक नावाचा एक गृहस्थ होता, तो फुटबॉल असोसिएशनचाही सेक्रेटरी आणि ओव्हलवाल्या सरे क्लबचाही सेक्रेटरी, मग काय, मैदान घरचंच.

फुटबॉलचं पटकन सांगतो. ३ मार्च १८७७, ओव्हल, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. स्कॉटलंड ३-१ ने जिंकलं, इंग्लंडचा जो एक गोल झाला तो लिटलटनचा. पण पठ्ठ्या बॉल सोडेचना. मोठ्या घरच्या शाळांत तेव्हा शिकवायचे की बॉल पायात आला की घेऊन पळायचं, ड्रिबल करायचं, पास देणं हा स्कॉटलंडवाल्यांचा उद्योग. टीममधल्या मॉसफर्थने विचारलं, अहो, पास का देत नाही? तर हा म्हणाला म्हणे, मी इथे फक्त माझ्या स्वतःच्या मौजेसाठी खेळतोय, साहेब. मॉसफर्थ शेफील्डचा, कारागीर माणूस, त्याला काय वाटलं असेल! लिटलटन फुटबॉलमधे इंग्लंडकडून खेळला तो हा एकच सामना.

आता किस्सा. तेच ओव्हल, ऑगस्ट १८८४. क्रिकेट, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया टेस्ट, तीन दिवसांची. लिटलटन विकेटकीपर. कॅप्टन लॉर्ड हॅरिस, हो हो, आपला तोच, पुढे १८९० मधे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि ज्याच्या नावाच्या शील्डमधे सचिन-विनोदने १९८८ ला ६६४ ची पार्टनरशिप केली.

पहिल्या दिवसअखेर ऑस्ट्रेलिया दोन बाद ३६३. कॅप्टन मर्डोक २११ पर्यंत गेला, टेस्टमधलं पहिलं द्विशतक ते. शिवाय मॅकडॉनेलचं शतक, स्कॉटचं शतक. इंग्लंडचे बोलर थकले, मग बॅट्समननी बोलिंग केली, तेही संपले. उरला कोण? कीपर. हॅरिसने कीपरला बोलवलं. आणि कीपिंगला कोण उभं राहिलं, तर डब्ल्यू. जी. ग्रेस, त्या काळचा इंग्लंडचा सगळ्यात नावाजलेला क्रिकेटपटू, ती एवढी मोठी दाढी आणि तो एवढा मोठा देह स्टंपमागे वाकलाय, डोळ्यांसमोर आणा जरा.

लिटलटन पॅड न काढताच आला. पॅड बांधलेलाच! आणि टाकतो काय, तर अंडरआर्म लॉब, म्हणजे बिल्डिंगमधे सगळ्यात लहान पोराला आपण खालून हाताने, वरून फुगवून बॉल देतो ना, तसला. समोर मिडविंटर. हा मिडविंटर म्हणजे वेगळंच प्रकरण, १८७८ मधे तो ऑस्ट्रेलियन टीमबरोबर लॉर्ड्सवर खेळायला तयार होऊन बसलेला आणि याच ग्रेसने येऊन त्याला अक्षरशः उचलून ओव्हलवर नेला, आपल्या ग्लॉस्टरशायर या कौंटी टीमकडून खेळवायला. तर आता तोच मिडविंटर बॅटिंगला, तोच ग्रेस मागे, मैदान तेच ओव्हल. लिटलटनने लॉब सोडला, बॅटची कड लागली आणि ग्रेसने पकडला. लॉबचा पहिलाच बॉल! दुसऱ्यांदा ग्रेसने त्याला ओव्हलवर धरला असं मी म्हणतो, माझा मुलगा म्हणतो बाबा हा जोक तुम्ही दरवेळी मारता.

आणि तिथेच थांबला नाही. शेवटच्या चारही विकेट लिटलटनच्या. १२ ओव्हर, १९ रन, ४ विकेट. परत ऐका, १९ रनमधे ४, कीपरने, पॅड बांधून! ओव्हर तेव्हा चार बॉलची असायची, म्हणजे फक्त ४८ बॉल. ऑस्ट्रेलिया सगळे बाद ५५१, आणि इंग्लंडच्या अकराच्या अकरा जणांनी बोलिंग केली, टेस्टमधे असं पहिल्यांदा झालं. २००२ मधे अँटिग्वाला आपल्या टीमनेही केलं, अजय रात्राने कीपर असून एक ओव्हर टाकली, आणि कुंबळे तुटलेल्या जबड्याला पट्टी बांधून आला होता ती हीच मॅच.

मी स्वतः चाळीत सहा वर्षं कीपर होतो, कारण माझ्याकडे बॅट नव्हती आणि ज्याची बॅट त्याची बोलिंग. सहा वर्षांत मला एक ओव्हर मिळाली नाही. आताच्या पोरांना तर आठव्या वर्षीच कोच सांगतो, तू कीपर, तू ऑफस्पिनर, शिक्का मारून मोकळे. अरे टाकू द्या की त्याला सगळं!

मॅच अर्थात ड्रॉ झाली. इंग्लंडची अवस्था वाईट होती, पण वॉल्टर रीड दहाव्या नंबरला आला, इतक्या खाली पाठवला म्हणून रागावलेला, आणि त्या रागात ११७ मारले. दुसऱ्या बाजूला स्कॉटन ९० करून चिकटून बसलेला.

लिटलटन पुढे वकील झाला, पार्लमेंटमधे गेला, १९०३ ला ब्रिटिश सरकारात वसाहतींचा मंत्री. टेस्ट खेळला एकूण चार, ओव्हलवरची ती चौथी आणि शेवटची. बोलिंगची सरासरी ४.७५. त्या डावाच्या आधी त्याला टेस्टमधे कुणी बॉल दिला नव्हता, आणि नंतर द्यायला तो राहिलाच नाही.

चला, घड्याळाकडे बघून आतले लोक हात करतायत. पुढच्या आठवड्यात भेटू.