वीस सेकंदांचा अंधार

नमस्कार. कॅमेरा हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची एक चिडचिड असते. उजेड जुळून आलेला असतो, फ्रेम बसलेली असते, बोट शटरवर असतं आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी मध्ये येतं. लग्नात हे होतं, देवळात होतं, पाणवठ्यावर होतं. यातल्या बऱ्याच ठिकाणी क्षणभर थांबून दुसरा फोटो घेता येतो, म्हणून त्यांच्यात मी आज फार शिरत नाही. मला बोलायचंय ते काजव्यांच्या झाडाबद्दल. मध्येच आलेल्या अडथळ्याचा खरा अर्थ तिथे कळतो, असं माझं मत आहे.

मे महिना संपत आला, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की सह्याद्रीत काजवे दिसू लागतात. भंडारदऱ्याच्या तलावाभोवतीची गावं, म्हणजे घाटघर, साम्रद, रतनवाडी, तिकडे पुरुषवाडी, इकडे लोणावळ्याजवळचं राजमाची. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी झाडं काजव्यांनी लगडतात. जूनमध्ये मोठा पाऊस लागला की हंगाम आटोपतो. म्हणजे सगळं मिळून तीन-चार आठवडे. त्यातही चांदणं नको, म्हणून अमावास्येच्या आसपासचे दिवस. त्यातली एखादी रात्र पावसात जाते, एखादी वाऱ्यात. उरलेल्या रात्री बहुतेकांना जमतात त्या शनिवार-रविवारच्या, आणि त्याच रात्री पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. वेळ इतका मोजका असताना मध्ये कोणी आलं तर माणूस चिडणारच. या चिडण्याला मी खोटं म्हणत नाही.

आता फोटो कसा निघतो ते थोडक्यात सांगतो, कारण तो कळल्याशिवाय अडथळा कळणार नाही. सूर्य सातच्या सुमारास मावळतो. संधिप्रकाश पुरता जायच्या आत आपण ट्रायपॉड लावतो, झाडावर फोकस करतो, फोकस मॅन्युअलवर टाकून रिंगला चिकटपट्टी लावतो आणि झाडाचा, डोंगररेषेचा एक फोटो घेऊन ठेवतो. मग कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. पूर्ण अंधार पडला की लेन्स होईल तितकी उघडी ठेवून, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, सोळाशे-बत्तीसशेच्या दरम्यान ठेवून वीस-वीस सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक घेत राहायच्या. तासाभरात साधारण १८० फ्रेम होतात. घरी येऊन त्या एकावर एक रचायच्या. सॉफ्टवेअरला सांगायचं की प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात उजळ ठिपका तेवढा घे. असा तासाभराचा लखलखाट एका चित्रात उतरतो.

सगळ्यात उजळ ठिपका घ्यायचा, यातच गोम आहे. काजव्याचा उजेड किती नाजूक! एका फ्रेममध्ये गाडीचा हेडलाइट झाडावरून फिरला की त्या फ्रेममधल्या प्रत्येक पानाने काजव्यावर मात केलेली असते.

रतनवाडीच्या रस्त्यावरची एक रात्र सांगतो. वळणाच्या खालच्या अंगाला सादड्याचं मोठं झाड होतं. एका फांदीवर लखलख सुरू व्हायची, तीच लाट बुंध्याकडून शेंड्याकडे जायची, मग सगळं झाड एका तालात उजळायचं आणि विझायचं. आम्ही कोणी बोलत नव्हतो. तेवढ्यात वरून एक टेम्पो ट्रॅव्हलर वळणावर आली. तिचा झोत आधी डोंगरावर, मग झाडावर आणि मग थेट आमच्या डोळ्यांत. गाडी थांबली, दार सरकलं, मोबाइलचे टॉर्च लागले, आणि एक बाई अगदी उत्सुकतेने विचारू लागल्या, "दादा, काजवे कुठेत हो? आम्हाला काहीच दिसत नाहीये."

तेव्हा मी कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतो, झाडाकडे पाहत होतो. झाड काळं झालं होतं. एक ठिपका नव्हता. ड्रायव्हरला विनंती केली, त्याने बिचाऱ्याने लगेच दिवे मालवले. टॉर्च एकेक करत बंद झाले. तरीही झाड बराच वेळ गप्प राहिलं. मग अगदी खालच्या फांदीवर एक काजवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. त्याच्या शेजारचा दुसरा. मघाचा तो ताल जमायला मात्र पुष्कळ वेळ गेला, आणि त्या बाईंचे नातेवाईक तोवर कंटाळून गाडीत जाऊन बसले होते.

त्या रात्रीपासून मी अडथळ्यांचे दोन कप्पे केले आहेत. एक अडथळा फोटोत येतो. दुसरा काजव्याच्या आयुष्यात येतो. आपण सगळा राग पहिल्यावर काढतो, आणि दुसऱ्याकडे आपलं लक्षच नसतं.

पहिल्या कप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फ्रेमसमोरून माणूस चालत गेला तर काय बिघडतं? अंधारात, हातात दिवा नसताना गेला तर काहीच नाही. १८३८ साली फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक, दागेर याने पॅरिसमधल्या बुलेव्हार दु तांप्ल या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. एक्सपोजर, म्हणजे उजेड आत घेत राहण्याचा वेळ, काही मिनिटांचं होतं, त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या, सगळी वर्दळ चित्रातून नाहीशी झाली. उरला तो एका जागी उभा राहून बूट पॉलिश करून घेणारा माणूस. फोटोत उतरलेला पहिला माणूस म्हणून आज त्याच्याकडे बोट दाखवतात. आपल्या वीस सेकंदांचं तसंच आहे. चालता माणूस चित्रात उमटतच नाही. टॉर्चवाला उमटतो, पण तेवढी एक फ्रेम काढून टाकता येते. १८० मधल्या दहा गेल्या तरी चित्र उभं राहतं. म्हणून मी नवशिक्यांना सांगतो की दहा मिनिटांचं सलग एक्सपोजर लावू नका. वेळेचे लहान तुकडे करा, म्हणजे एका गाडीपायी सगळी रात्र वाया जात नाही. आणि कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे फोटोतले खोटे ठिपके पुसण्याची सोय, बंद ठेवा. ते चालू असलं की प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तितकाच वेळ स्वतःशी काम करत बसतो आणि अर्धे काजवे हुकतात.

दुसऱ्या कप्प्याला असा उपाय नाही. काजव्याचं लुकलुकणं ही जोडीदाराला घातलेली हाक असते. नर उडता उडता किंवा फांदीवरून खूण करतो, मादी तिला उत्तर देते. प्रौढ काजवा जगतो काही आठवडेच. त्याआधीचं बरंचसं आयुष्य त्याने अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायी खात काढलेलं असतं. एवढ्या तयारीनंतर त्याच्या वाट्याला थोड्याच रात्री येतात, आणि रात्रीतले मुख्य दीड-दोन तास. त्यातला अर्धा तास हेडलाइटने खाल्ला तर तो परत मिळत नाही. कृत्रिम उजेडात काजव्यांच्या खुणा कमी होतात, जोड्या जुळणं अवघड होतं, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. आपली एक फ्रेम गेली तर आपण हळहळतो. तिथे पुढच्या वर्षीच्या अळ्या जातात.

आणि हा उजेड पाडणाऱ्यांत आपणही असतो. ट्रायपॉड घेऊन येणाऱ्या माणसाला वाटतं की मी शिस्तीचा, गोंधळ घालतात ते पर्यटक. पण फोकस जमावा म्हणून कॅमेरा जो नारिंगी दिवा फेकतो तो कोणाचा? दर फ्रेमनंतर पाठचा स्क्रीन उजळतो तो? बॅगेत बॅटरी शोधताना कपाळावरचा पांढरा हेडलॅम्प? झाडाला 'थोडा आकार यावा' म्हणून मुद्दाम टॉर्चचा हात फिरवणारे फोटोग्राफर मी पाहिले आहेत. त्यांना मी तिथल्या तिथे हटकतो, आणि तुम्हीही हटकावं असं मला वाटतं.

याहून खोल एक गोष्ट आहे. त्या बाई विचारत होत्या, काजवे कुठेत? त्यांनी कुठेतरी फोटो पाहिला होता, ज्यात सबंध रान हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांनी भरलेलं होतं. तो तासाभराचा उजेड होता, एका चित्रात रचलेला. डोळ्याला तसं कधीच दिसत नाही. डोळा अंधाराला सरावायलाच वीस-तीस मिनिटं लागतात, आणि गाडीतून उतरलेल्या माणसाला दुसऱ्या मिनिटाला तो फोटो समोर हवा असतो. दिसला नाही की तो टॉर्च लावून शोधतो. म्हणजे या गर्दीतली बरीच निराशा आपल्या फोटोंनी पेरलेली आहे. म्हणून माझा आग्रह आहे की असा फोटो कुठेही टाकताना खाली स्पष्ट लिहावं: इतक्या फ्रेम, इतक्या मिनिटांचा उजेड एकत्र केलेला, डोळ्याला असं दिसत नाही. ठिकाणाचं नाव लिहावं की नाही, यावर मतभेद आहेत. मी झाडाचा नेमका पत्ता देत नाही, गावाचं नाव देतो, कारण गावातल्या घरगुती मुक्कामांची वर्षाची थोडी कमाई या तीन-चार आठवड्यांवर असते.

गावकऱ्यांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. रात्री आठला शेतावरून परतणारा माणूस टॉर्च घेऊन आपल्या समोरून जातो. त्याला 'टॉर्च बंद करा' म्हणायचा आपल्याला काडीचा अधिकार नाही. पावसाच्या तोंडाला फुरसं, घोणस वाटेवर असतात. ती वाट त्याची आहे. ट्रायपॉड लावायच्या आधी, उजेड असतानाच, गावात जाऊन विचारावं: या वाटेने रात्री कोण येतं-जातं, कोणत्या झाडाखाली आम्ही बसलो तर कोणाला अडचण नाही? बहुतेक वेळा एखादा पोरगाच रस्त्यापासून आत, हेडलाइट पोचत नाही असं झाड दाखवतो. माझी चिडचिड सगळ्यात कमी कशाने झाली असेल तर या अर्ध्या तासाच्या बोलण्याने.

उरतात गाड्या. त्या आपल्या एकट्याच्या विनंतीने थांबणार नाहीत, त्यासाठी नियम लागतो. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एका तालात चमकणारे काजवे पाहायला गाडीचा परवाना लॉटरीने मिळतो. टॉर्चला लाल किंवा निळा सेलोफेन लावायचा, ती चालतानाच वापरायची, झोत जमिनीकडे ठेवायचा, असं तिथे सांगितलं जातं. आपल्याकडे भंडारदऱ्याच्या बाजूला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, त्यामुळे वनखातं तिथे हंगामात निर्बंध घालतं, आणि ते चांगलंच आहे. माझ्या मते त्यात दोन गोष्टींची भर हवी. गाड्या काजव्यांच्या झाडांपासून अर्धा किलोमीटर अलीकडे उभ्या करून लोकांना चालत न्यावं, गावातल्या मुलांना वाटाडे म्हणून पैसे देऊन. आणि एका झाडापुढे किती ट्रायपॉड लागावेत याला मर्यादा हवी. ती आपल्याला जाचेल, आपल्यातल्या काहींना रांगेत थांबावं लागेल. मला ते मान्य आहे. येत्या हंगामाआधी आपण सगळ्यांनी मिळून वनखात्याला आणि ग्रामपंचायतींना तसं पत्र द्यावं, असं मी सुचवतो. मसुदा मी तयार केला आहे.

तो बाहेरच्या टेबलावर ठेवलाय. शेजारी लाल जिलेटीन कागद लावलेल्या दोन-तीन टॉर्चही आहेत. एक हातात घ्या, हॉलचे दिवे घालवल्यावर पायाशी झोत मारून पाहा, वाट दिसायला तेवढा उजेड पुरतो. मसुद्यात काही बदलायचं असेल तर तिथेच पेन्सिलने लिहा, सही मात्र वाचून करा.