चेहऱ्यावर न दिसणारं बहिरेपण

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? छान, बरेच हात वर आले. पण हात वर केले ते ऐकू आलेल्यांनी. ज्यांना ऐकू आलं नाही ते शांत बसलेत, आणि शांत बसलेला माणूस ऐकतोय असंच आपण धरून चालतो. मला आज त्याबद्दलच बोलायचंय.

इथे आपण सगळे शुभार्थी, म्हणजे पार्किन्सन्स झालेले, किंवा शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारे. त्यामुळे कंप, ताठरपणा किंवा या आजारात मेंदूत कमी पडणारं डोपामिन हे रसायन, यांची ओळख करून देत नाही. कान का बिघडतात, ते ओळखायचं कसं आणि मग करायचं काय, अशा तीन गोष्टी सांगायचं मी कबूल केलंय. पण आधी बाबांबद्दल बोलते. हा विषय मला त्यांच्यामुळेच कळला.

बाबांचं निदान होऊन सहा वर्षं झाली होती. आई काही विचारायची, उत्तर नाही. मग ती वरच्या पट्टीत विचारायची. बाबा ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचे, ते आईपर्यंत पोचायचं नाही. ती ‘काय?’ म्हणायची, ते बाबांपर्यंत पोचायचं नाही. हसताय, म्हणजे तुमच्याही घरी हे चालतं! आम्ही ठरवून टाकलं होतं की बाबांचं लक्षच नसतं. मी एकदा चिडून म्हणाले, “भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.” ते वाक्य नेमकं त्यांना ऐकू गेलं.

एरवी ऐकू आलं नाही की माणूस कपाळाला आठ्या घालतो, मान पुढे काढतो, कानामागे हात धरतो, ‘आँ?’ करतो. समोरच्याला कळतं. पार्किन्सन्समध्ये चेहरा मुखवट्यासारखा होतो, मान चटकन वळत नाही, ‘आँ?’ उशिरा येतं आणि तेही पुटपुटल्यासारखं. ऐकू न आल्याच्या सगळ्या खुणाच पुसल्या जातात. म्हणून घरच्यांना बहिरेपण दिसत नाही, बेफिकिरी दिसते.

शेवटी बाबांना श्रवणचाचणीला नेलं. काचेची खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. बाबांची पापणी हलली, म्हणजे आवाज आला असणार. अंगठा बटणावरच होता, पण हलेना. मग नखाजवळचा भाग पांढरा पडला, अंगठा हळूहळू खाली गेला आणि बटण दाबलं गेलं. तोवर पुढची शिट्टी वाजून गेली होती. अंगठा सुटेपर्यंत तिसरी. रिपोर्टवर तीव्र श्रवणदोष लिहिला आणि आम्हाला तोंडी सांगितलं, “पेशंट सहकार्य करत नाहीत.”

माझा तो राग अजून गेलेला नाही. त्या अंगठ्यामागे केवढे कष्ट होते ते मी पाहिलंय. हालचाल सुकर करणारी शेवटची गोळी कधी घेतली, एवढंही कुणी विचारलं नाही. तिचा असर उतरत आला होता.

तीन आठवड्यांनी दुसरीकडे गेलो. तिथल्या बाईंनी गोळीची वेळ विचारून त्यानंतर तासाभराने बोलावलं. बटण काढून घेतलं, “ऐकू आलं की नुसतं ‘आलं’ म्हणा,” असं सांगितलं आणि प्रत्येक आवाजानंतर त्यांच्या ओठांकडे बघत थांबल्या. खालच्या पट्टीतलं बाबांना ठीक ऐकू येत होतं. दोन हजार हर्ट्‌झच्या पुढे आलेख घसरत गेला होता. स, श, फ, थ यांचा आवाज मुख्यतः त्या वरच्या भागातच असतो. त्यामुळे ‘सात’ म्हणा, ‘हात’ म्हणा, बाबांना मधला ‘आ’ तेवढा मिळायचा. आम्ही ओरडलो की तोच ‘आ’ मोठा व्हायचा.

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत म्हणे, तेव्हा आता भराभर सांगते.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं. त्यांची निरीक्षणशक्ती विलक्षण होती, पण ज्ञानेंद्रियं शाबूत राहतात असं त्यांनी लिहिलं. प्रत्यक्षात वासाची जाणीव अनेकदा कंपाच्या कितीतरी आधी कमी होते. कानाचं म्हणाल, तर मेंदूकडून आतल्या कानाकडे येणारे काही मज्जातंतू डोपामिन सोडतात, आणि मोठ्या आवाजापासून ते श्रवणतंतूंचं रक्षण करतं असं मानलं जातं. समवयस्क निरोगी माणसांपेक्षा शुभार्थींमध्ये श्रवणदोष जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ३६ लाख माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ऐकू कमी येणाऱ्यांमध्ये पुढे पार्किन्सन्सचं प्रमाण जास्त निघालं, आणि कानाचं मशीन लवकर मिळालेल्यांमध्ये ते त्या मानाने कमी. यातून कारण सिद्ध होत नाही. ऐकू कमी येणाऱ्या बहुसंख्य लोकांना पार्किन्सन्स कधीच होत नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका.

आता करायचं काय? आधी कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. चाचणी गोळीचा असर चांगला असताना करा, आणि बटण जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. बेरा नावाच्या तपासणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावून नोंद होते, रुग्णाला काही दाबावं लागत नाही. मशीन कानामागचं, चार्जिंगचं बघा. जेमतेम आठ मिलिमीटरचा सेल कापऱ्या बोटांनी बसवणं ही शिक्षा आहे.

आवाजाचं तर मोठंच प्रकरण आहे. शुभार्थीला आपला हळू आवाज पुरेसा मोठा वाटतो, नेहमीच्या आवाजात बोललं तर ओरडल्यासारखं वाटतं. एलएसव्हीटी या आवाजाच्या उपचारात आठवड्याला चार, असे चार आठवडे तास घेऊन नेमकं हेच माप बदलायला शिकवतात. आणि ज्यांची पावलं चालताना जागीच गोठतात, त्यातले बरेच जण मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या, तालावर चालू शकतात. तो आधार कानातूनच मिळतो.

बाबांशी आम्ही आता समोर बसून बोलतो. एका वेळी एकच प्रश्न, आणि मनात दहापर्यंत मोजणं. आईचे दहा अजून सहालाच संपतात, पण उत्तरं येतात.

आता माईक तुमच्याकडे. संयोजकांना विनंती, प्रश्नांची पाच मिनिटं दहा करा. पहिले प्रश्न शुभार्थींचे घेऊ. आवाज बारीक असेल तर मी खाली उतरून जवळ येते. त्या निळ्या शर्टातल्या काकांचा हात वर येतोय. येऊ द्या सावकाश, मी थांबलेय.