गुंता आणि गाठ

नमस्कार मंडळी. आज पॉलिमरबद्दल, म्हणजे साखळीसारख्या लांबच लांब रेणूंबद्दल, बोलायचंय, पण सुरुवात आपल्या लंबी रोटीपासून करतो, कारण इथं बसलेल्या आयाबायांच्या हाताला यातलं अर्धं आधीपासूनच माहीत आहे. ज्वारीची भाकर थापावी लागते, ओढली की तुटते. गव्हाची सैल कणीक मात्र पाणी लावत लावत, आपटून आपटून तिंबली की हातावर पदरासारखी लांबते अन् मग उलट्या मडक्यावर पडते. गव्हात असं काय आहे? ग्लुटेन. त्याचे लांबच लांब रेणू, एकमेकांत अडकलेले, आणि मधेमधे गंधकाच्या टाक्यांनी शिवलेले. हा गंधक लक्षात ठेवा, पुढं लागतो.

म्हणजे गोष्टी दोन. गुंता म्हणजे नुसतं एकात एक अडकणं, वेळ दिला तर सरकत सरकत सुटतं. गाठ म्हणजे पक्का रासायनिक बंध, तोडल्याशिवाय सुटत नाही.

वावरातली ठिबकची नळी घ्या. तिच्यात अशा गाठी नसतात, म्हणून ती तापवली की वितळते अन् भंगारातून पुन्हा नवा माल होतो. सायकलची ट्यूब वितळत नाही, जळते. कारण तिच्यातल्या साखळ्या एकमेकींना गंधकानं बांधलेल्या असतात, अख्खी ट्यूब म्हणजे जवळजवळ एकच रेणू, हे मला इतक्या वर्षांनी पण अद्भुतच वाटतं. 1839 मधे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला हे सापडलं. त्याआधीचं रबर उन्हात चिकट व्हायचं अन् थंडीत कडक, आपल्या मे महिन्यात तर त्याचा चिखलच झाला असता.

पण गाठी माराव्या किती? 100 भाग रबराला दोन-तीन भाग गंधक टाकला तर ट्यूबसारखा लवचिक माल, 30-40 भाग टाकला तर एबोनाइट, जुन्या शाईच्या पेनांचं ते काळं कडक मटेरियल. गाठींच्या संख्येचा चिरण्याशी काय संबंध, ते 1967 मधे लेक आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी मांडलं. चीर पुढं सरकायची तर वाटेतली साखळी तुटली पाहिजे, आणि तुटतो एकच बंध, पण तोवर दोन गाठींमधला सगळा तुकडा ताणलेला असतो, त्यातली सगळी ऊर्जा एकदम वाया जाते. तुकडा लांब तर खर्च जास्त, चीर अडते. गाठी वाढवल्या की तुकडे आखूड, माल ताठ होतो पण चिरायला सोपा. ताठपणा हवा की चिवटपणा, एकच निवडा, असं बरीच वर्षं चाललं.

2021 मधे हार्वर्डला झिगांग सुओ यांच्या गटानं वेगळं करून पाहिलं, गाठी मोजक्या अन् गुंते भरमसाठ. मग एका साखळीवरचा ताण गुंत्यांतून सरकत शेजारच्या कितीतरी साखळ्यांत वाटला जातो, गाठींचं काम एवढंच की गुंता पूर्ण सुटू नये. माल ताठ पण झाला आणि चिवट पण! पुढच्या वर्षी त्यांनी पॉलिमर अगदी थोड्या पाण्यात चक्क कणकेसारखा मळला, मग गाठी मारल्या, शेवटी पाण्यात फुगवला. पाणी आधीच भरपूर घातलं असतं तर साखळ्या एकमेकींपासून दूर राहिल्या असत्या, गुंता जमलाच नसता.

(मागून एका मावशींनी विचारलं, कणीक मुरू दिली की मऊ का पडते?)

तेच मावशी. तिंबताना ताणलेले गुंते हळूहळू सरकून सैल बसतात, म्हणून लगेच ओढली तर आखडते अन् अर्ध्या तासानं ओढली तर ऐकते.